हॉर्न वाजेना म्हणून लगेच स्टेअरिंग कशाला उघडायचं?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात लोक हॉर्नच्या त्रासाबद्दल लिहितात, सिग्नल सुटायच्या आधीच मागचा बोंबलायला लागतो वगैरे, ते खरंच आहे, पण माझं रडगाणं उलटं आहे. आमच्या गाडीचा हॉर्न ऐन पावसाळ्यात मुका झाला आणि यवतेश्वरच्या घाटात प्रत्येक वळणावर काच खाली करून कानोसा घ्यायची वेळ आली, त्यात कासला निघालेली मंडळी अर्धा रस्ता आपलाच समजून येतात.

गॅरेजवाल्यानं दोनदा बटण दाबलं आणि बॉनेट न उघडताच सांगितलं, क्लॉक स्प्रिंग गेलीय, साडेचार हजार. आता ही स्टेअरिंगच्या आत गुंडाळलेली पट्टीची वायर, जाते कधीकधी, पण ती गेली की बऱ्याचदा एअरबॅगचा दिवापण लागून राहतो. आमच्याकडं तसलं काहीच नव्हतं.

घरी येऊन पोराला बटण दाबायला बसवलं आणि मी बॉनेटखाली कान लावला. फ्यूज बॉक्समधनं बारीक 'टिक' यायचं, तो रिले, बटण दाबलं की हॉर्नला करंट सोडणारा स्विच, म्हणजे बटण आणि तिथपर्यंतची वायर, क्लॉक स्प्रिंगसकट, ठीक. फ्यूजपण शाबूत. मग इंडिकेटरच्या जुन्या बल्बला दोन वायरी जोडल्या, हॉर्नचा कनेक्टर काढून त्यात घातल्या, पोरानं बटण दाबलं की बल्ब लख्ख! करंट येतोय, हॉर्नच मेलाय. ग्रीलमागनं सोडवून हलवला तर आतनं गंजाचा भुगा गळला. आधी कुणीतरी तोंड वर करून बसवला होता, पाणी साठून आतले पॉइंट खलास. हे पॉइंट सेकंदाला शेकडो वेळा उघडमीट करतात तेव्हा पडदा थरथरून आवाज होतो, ते गंजल्यावर कसला आवाज न् काय.

पोवई नाक्याकडं एका दुकानात १२ व्होल्टचा साधा डिस्क हॉर्न ३२० रुपयांना मिळाला. दुकानदार आधी म्युझिकलवाला दाखवत होता, म्हंटलं नको बाबा, १९८९ च्या मोटार वाहन नियमातला ११९ वा नियम तसल्या सुरावटी वाजवणाऱ्या हॉर्नला चालू देत नाही, आणि घाटात गाणं कुणाला ऐकायचंय.

बॅटरीची निगेटिव्ह काढून नवा बसवला तर आवाज कोंडल्यासारखा, रेड्याला सर्दी झाल्यागत. बघतो तर हॉर्न पत्र्याला टेकत होता. त्याच्याबरोबर आलेल्या पट्टीवर मोकळा लटकवला, तोंड खाली केलं, मग खणखणीत. दोन पिनांचा असला की वायरी उलटसुलट झाल्या तरी चालतं, एक पिनवाल्याला मात्र गाडीच्या बॉडीतनंच अर्थिंग मिळतं, तिथला रंग न् गंज खरवडून घ्यावा लागतो. आणि हो, टिकच येत नसेल न् दोष स्टेअरिंगमधेच निघाला तर एअरबॅगवालं स्टेअरिंग घरी अजिबात उघडू नका, तिथं गॅरेजच बरं.

नंतर त्या गॅरेजवाल्याला सांगितलं, तो हसून म्हणाला, "साहेब, नुसतं चेक करायचे पैसे कोण देतंय?" त्याचंपण खरंय. पण बल्ब लावून बघायचे शंभर रुपये मागितले असते तर मी लगेच काढून दिले असते.

आपला,
एक वाचक, सातारा