ब्रश हातात घेण्याआधी थोडे थांब

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

गार पाणी प्यायले की वरचे पुढचे दात सणकतात, असे काल तू फोनवर सांगितलेस आणि लगेच म्हणालीस, "चूक माझीच आहे." ते शब्द मनातून जात नाहीत. दात झिजले ते सारख्या उलट्या करायला लावणाऱ्या खाण्याच्या आजाराने (ईटिंग डिसऑर्डरने), हे आधी पक्के समज.

आजाराच्या त्या दिवसांत उलटी झाली की तू लगेच जोर लावून दात घासत असस, आणि कारण ठाऊक नसल्याने मी तुझ्या टापटिपीचे कौतुक करत असे; त्याचे मला आजही वाईट वाटते. दातांचे एनॅमल, म्हणजे वरचे कठीण आवरण, साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळू लागते (पीएचचा आकडा जितका कमी, तितके आम्ल तीव्र), आणि जठरातले आम्ल त्याहून कितीतरी तीव्र असते. त्यामुळे उलटीनंतर दाताचा पृष्ठभाग काही वेळ मऊ पडलेला असतो आणि तेव्हाच ब्रश फिरवला तर तो थर खरवडून निघतो. बरे होताना एखादा दिवस पुन्हा तसा आलाच, तर पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून चूळ भर, सोडा नसेल तर साध्या पाण्याने भर, आणि किमान अर्धा तास, जमल्यास तासभर, ब्रशला हात लावू नकोस. तेवढ्या वेळात लाळ आपले काम करते; तिच्यातले कॅल्शियम आणि फॉस्फेट मऊ पडलेल्या थराला पुन्हा बळकटी देतात. झिजून गेलेले एनॅमल मात्र परत येत नाही. रात्री फ्लोराइडच्या पेस्टने दात घासल्यावर फेस फक्त थुंकून टाक, वर चूळ भरू नकोस.

दातांच्या काळजीपोटी एकही जेवण टाळू नकोस, हे मी तुला अगदी बजावून सांगते. आहारतज्ज्ञांनी ठरवून दिलेले खाणे आधी, दात नंतर. बिनसाखरेच्या च्युइंगमने लाळ सुटते हे खरे, पण भूक मारायलाही त्याचा आधार घेतला जातो, म्हणून ते उपचार करणाऱ्यांना विचारल्याशिवाय नको.

दंतवैद्यांना आजाराबद्दल सांगावे का, असे तू विचारलेस. माझ्या मते सांगावे. वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू झिजलेली दिसली की त्यांना बहुधा अंदाज येतोच. पण तू स्वतः सांगितलेस, तर जास्त फ्लोराइडची पेस्ट द्यावी का, आता नुसते फिलिंग करून कॅप उलट्या पूर्ण थांबल्यावर बसवावी का, हे त्यांना नीट ठरवता येईल. बोलणे जड वाटले, तर चार ओळी लिहून दे.

वेळ तूच ठरव. मी सोबत येईन. आत यायचे की बाहेर बसायचे, ते तू सांगशील तसे.

तुझी,
आई