केवळ भाषांतर म्हणजे जाहिरात नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सणासुदीच्या तोंडावर आमच्या चार जणांच्या जाहिरात संस्थेकडे इंग्रजी मजकूर येतो आणि ‘उद्या सकाळपर्यंत मराठी करून द्या’ असा निरोप असतो. बोधचिन्ह, रंग, घोषवाक्य सारेच आधी ठरलेले असल्याने आमच्या वाट्याला केवळ शब्द बदलणे उरते. मग ‘आनंद अनलॉक करा’ अशी वाक्ये फलकांवर झळकतात आणि दोष मात्र मराठीला दिला जातो.

१९६६ मध्ये जाहिरातकार सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांनी ‘अमूल’ची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी घडवली. पुढे ताज्या घडामोडींवरचे तिचे फलक वेळेवर लागू शकले, कारण ‘अमूल’चे प्रमुख डॉ. वर्गीस कुरियन यांनी पूर्वमंजुरीची अट ठेवली नव्हती. हा विश्वास मला त्या चित्राहूनही मोलाचा वाटतो.

आम्ही काही डाकुन्हा नव्हे, हे मान्य. तरीही उद्योजकांनी आम्हाला तासभर दुकानात बसू द्यावे, गिऱ्हाईक माल कोणत्या शब्दांत मागते ते ऐकू द्यावे आणि मजकूर मुळातच मराठीत सुचण्यासाठी निदान आठवड्याची मुदत द्यावी, एवढीच विनंती.

— एक जाहिरात लेखक, कोल्हापूर