आधी पार्किंगचा निर्णय, मग सायकल मार्गिका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रस्त्याच्या कडेने सायकल मार्गिका असावी की तेथे मोटारी उभ्या करू द्याव्यात, या प्रश्नावरून नागपूरच्या वस्त्यांमध्ये शेजाऱ्या-शेजाऱ्यांत जी कटुता वाढते आहे, तिच्याकडे महापालिकेचे, वाहतूक पोलिसांचे आणि आम्हा रहिवाशांचे लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, वस्तीतील पार्किंगचा निर्णय न घेता रस्त्यावर सायकलीचे चित्र रंगवले तर मार्गिका मिळत नाहीच, उलट ज्या घरांमध्ये आजवर कधी वाद नव्हता ती घरे एकमेकांविरुद्ध उभी राहतात.

१९३६ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर सुधार प्रन्यासाने, आणि पुढे अनेक गृहनिर्माण संस्थांनी, पश्चिम व दक्षिण नागपुरात जे लेआउट पाडले, त्यांपैकी बरेचसे एका प्लॉटवर एक घर आणि त्या घरी फार तर एक स्कूटर असण्याच्या काळातले आहेत. आज त्याच प्लॉटवर फ्लॅट स्कीम उभी आहे, तीत आठ-दहा कुटुंबे राहतात आणि बहुतेक कुटुंबांकडे दोन दुचाकी व एक मोटार आहे. रस्ता मात्र तेवढाच राहिला, किंबहुना तो कमी झाला. मधोमध सिमेंटचा रस्ता झाला, त्याच्या दोन्ही बाजूंना गट्टू (सिमेंटचे पेव्हर ब्लॉक) बसवले गेले, आणि गट्टूंच्या त्या पट्ट्यावर कोणी कंपाउंडबाहेर जाळी ठोकून बाग केली, तर कोणी मोटार आत चढवण्यासाठी उतार बांधला. नऊ मीटरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी एकेक मीटर असा गेला की सात मीटर उरतात. त्यांत दोन्ही कडांना पावणेदोन-पावणेदोन मीटर रुंदीच्या मोटारी उभ्या राहिल्या की मधे साडेतीन मीटर राहतात. अग्निशमन दलाचा बंब अडीच मीटरच्या आसपास रुंद असतो. आग लागलेल्या घरासमोर तो उभा राहिला, तर जवानांना त्याच्या बाजूने शिडी घेऊन जाण्यापुरतीच वाट उरते, आणि वळणावर एखादी मोटार तिरकी लावलेली असली तर बंब तेथवर पोहोचतच नाही.

अशाच एका रस्त्यालगत आम्ही राहतो. आमच्या वस्तीतून जाणाऱ्या थोड्या रुंद रस्त्याच्या कडेने मध्यंतरी सायकलींसाठी पट्टा आखला गेला. ना त्याला उंच कडा होती, ना खांब, आणि तेथे आधीपासून उभ्या राहणाऱ्या मोटारी कोठे जातील याविषयी रहिवाशांशी कोणी बोललेही नाही. मोटारी होत्या तेथेच उभ्या राहिल्या, रंग त्यांच्या चाकांखाली गेला. मग कोणीतरी तक्रार केली, काही मोटारी उचलून नेल्या गेल्या, आणि तक्रार कोणी केली याचा शोध घेताना वर्षानुवर्षे एकमेकांच्या घरी दिवाळीचा फराळ पाठवणाऱ्या माणसांचे बोलणे बंद झाले. त्यानंतर दारासमोरची जागा राखण्यासाठी कुंड्या, दगड आणि मोडक्या खुर्च्या मांडणे सुरू झाले. ‘गेटसमोर गाडी लावल्यास हवा काढली जाईल’ अशा पाट्या लागल्या आणि एक-दोघांच्या टायरमधील हवा खरोखरच काढली गेली. सायकल चालवणारा मात्र पूर्वीप्रमाणेच रस्त्याच्या मधून, मागून येणाऱ्या बसच्या पुढे चालत राहिला. किंबहुना त्याचा धोका वाढला, कारण उभ्या मोटारीला लागून आखलेल्या पट्ट्यातून जाताना मोटारीचे दार अचानक उघडले तर ते सुमारे मीटरभर जागा घेते, आणि पट्ट्याची रुंदी बहुधा त्याहून फारशी जास्त नसते.

या वादात जे मुद्दे मांडले जातात त्यांपैकी एक मी अनेक सुशिक्षित माणसांकडून ऐकला आहे: सायकल चालवणारे आहेतच कोठे? २०११ च्या जनगणनेनुसार देशातील शहरी कुटुंबांपैकी सुमारे ४२ टक्के कुटुंबांकडे सायकल होती आणि मोटार दहा टक्क्यांहूनही कमी कुटुंबांकडे होती. तेव्हापासून मोटारींची संख्या खूप वाढली आहे, हे मान्य. तरीही आपल्या वस्तीत सायकलवरून कोण येते, हे सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास फाटकाशी उभे राहून पाहावे. वर्तमानपत्र टाकणारी मुले येतात, रात्रपाळी संपवून परतणारे चौकीदार जातात, पोळ्यांची आणि धुण्याभांड्यांची कामे करणाऱ्या बाया चार-चार घरे गाठण्यासाठी सायकल दामटत असतात, आणि आठवी ते बारावीची मुले-मुली शिकवणी वर्गाला निघालेली असतात. ही माणसे वस्तीच्या बैठकीला येत नाहीत, कारण बैठकीचे निमंत्रण घरमालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर जाते. ज्यांची गरज सर्वांत मोठी आहे त्यांची बाजू मांडणारे त्या खोलीत कोणी नसते, आणि मग मार्गिका ही केवळ व्यायामासाठी फुटाळा-अंबाझरी तलावांकडे महागड्या सायकलींवर जाणाऱ्यांची हौस आहे, असा समज पक्का होतो. केंद्र सरकारने जून २०२० मध्ये सुरू केलेल्या सायकलविषयक उपक्रमात नागपूरने भाग घेतला होता आणि टाळेबंदीच्या त्या काळात सायकलची चर्चाही पुष्कळ झाली. परंतु त्या चर्चेत भांडी घासायला सायकलवरून जाणारी बाई फारशी नव्हती, आणि आजच्या विरोधाचे मूळ काही अंशी तेथेही आहे असे मला वाटते.

नागपूरच्या उन्हाचा मुद्दाही नेहमी येतो. पंचेचाळीस अंशांत सायकल कोण चालवणार, हा प्रश्न रास्त आहे. मात्र ज्याला दुसरे वाहन परवडत नाही तो आजही त्या उन्हात सायकल चालवतोच. स्पेनमधील सेव्हिल हे युरोपातील अतिशय उष्ण शहरांपैकी एक, तेथेही उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्या शहराने २००६ ते २०१० या काळात सुमारे १२० किलोमीटरच्या, मोटारींपासून कठड्याने वेगळ्या केलेल्या आणि एकमेकींना जोडलेल्या मार्गिका बांधल्या, त्यासाठी रस्त्यावरील पार्किंगच्या हजारो जागा काढल्या, आणि सायकलचा वापर काही वर्षांतच कित्येक पटींनी वाढला. तेथे कामी आला तो जोडलेपणा आणि तो कठडा. एका चौकात सुरू होऊन पुढच्या चौकात संपणारा रंगीत पट्टा कोणालाही घराबाहेर काढू शकत नाही, मग तो नागपुरात असो वा अन्य कोठे.

आता मोटार असणाऱ्यांची बाजू. ती केवळ हट्टाची आहे असे मानणे अन्यायाचे होईल. ज्याने आयुष्यभराची पुंजी घालून फ्लॅट घेतला त्याने मोटार लावायची कोठे? तळमजल्यावर मंजूर नकाशात दाखवलेली पार्किंगची जागा अनेक इमारतींत आज दुकान, कार्यालय, गोदाम किंवा शिकवणी वर्ग म्हणून वापरली जाते. इमारतीतील अशी जागा बिल्डर वेगळी विकू शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला, तरी ती विकली गेल्याच्या आणि ज्याला मिळाली नाही तो रस्त्यावर आल्याच्या कथा प्रत्येक वस्तीत ऐकू येतात. २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत कोणत्या इमारतीने किती वाहनांची सोय करावी याचे तक्तेच दिले आहेत. पण नकाशा मंजूर झाल्यानंतर दहा वर्षांनी त्या जागेचे काय झाले, हे कोणी पाहायचे? धंतोलीतील रहिवाशांना रुग्णालयांपुढील वाहनांचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत न्यावा लागला, यावरून तो किती जुना आणि खोल आहे याची कल्पना यावी. इमारतीच्या पोटात जी वाहने मावायला हवी होती ती रस्त्यावर आली, आणि तिसऱ्याच माणसाने, म्हणजे सायकलवाल्याने, जागा मागितल्यावर भांडण त्याच्या नावावर लागले.

तरीही एक गोष्ट मोटारमालकांना, आणि त्यांत आमचेही घर येते, स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आम्ही टॅक्स भरतो म्हणून घरासमोरची जागा आमची, हे म्हणणे टिकणारे नाही. मालमत्ता कर आपल्या प्लॉटवरील बांधकामासाठी भरला जातो, आणि गाडी घेताना भरलेला एकरकमी कर राज्य शासनाकडे जातो. त्यांपैकी कोणत्याही पावतीवर कंपाउंडबाहेरची जमीन आपल्या नावे होत नाही. एका मोटारीसाठी पार्किंगच्या आखणीत अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा धरतात. धरमपेठेत किंवा रामदासपेठेत एवढी जागा महिनाभर भाड्याने घ्यायची म्हटले तर काय पडेल याचा विचार केला की, ती रस्त्यावर कायमची आणि फुकट वापरणे ही केवढी मोठी सवलत आहे हे कळते. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या येण्याजाण्याला महत्त्व द्यावे आणि पार्किंगचे शुल्क जागेच्या खऱ्या किमतीला धरून असावे, असे स्पष्ट म्हटले आहे. त्या धोरणाला आता जवळपास दोन दशके झाली आहेत.

पार्किंगची जागा असल्याचा पुरावा दिल्याखेरीज नवी मोटार नोंदवू नये, असा विचार राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी मे २०२५ मध्ये मांडला. जपानमध्ये असा कायदा १९६२ पासून आहे. विचार योग्य आहे, परंतु ज्या इमारतींतील पार्किंगची मोजणीच झालेली नाही तेथे हा पुरावा म्हणजे आणखी एक कागद होईल. म्हणून माझी विनंती क्रमाविषयी आहे. महापालिकेने झोननिहाय, रस्त्यागणिक मोजणी करावी: मंजूर नकाशात पार्किंग किती, प्रत्यक्षात मोकळे किती, रात्री दहा वाजता रस्त्यावर वाहने किती. नकाशातील जागा अडवणाऱ्यांना मुदत देऊन ती मोकळी करून घ्यावी. ज्या बाजारपेठांत सम-विषम तारखांचे पार्किंग चालते तेथील अनुभव तपासून अरुंद रस्त्यांवर एकाच बाजूला वाहने लावण्याची सक्ती करावी, आणि रस्त्यावर रात्रभर राहणाऱ्या मोटारींसाठी परवाना व वाजवी मासिक शुल्क ठेवून ते पैसे त्याच प्रभागातील पदपथांवर खर्च व्हावेत. आपला पैसा आपल्याच गल्लीत दिसला तर लोक तो देतात, असे माझे मत आहे. कंपाउंडबाहेरच्या बागाही हटवाव्या लागतील. आमच्या घरासमोरची लहानशी बागही त्यांत जाईल आणि ती जावी.

एवढे झाल्यावरच मार्गिकेचा विषय घ्यावा, आणि तोही सरसकट नको. नऊ-बारा मीटरच्या आतील रस्त्यांवर वेगळ्या मार्गिकेची गरजच नाही. तेथे गतिरोधक व वळणांची रचना अशी हवी की कोणतेही वाहन ताशी तीस किलोमीटरच्या वर जाऊ नये, म्हणजे मूल आणि मोटार एकाच रस्त्यावर सुरक्षित राहतील. खरी मार्गिका, कठड्याची आणि दोन मीटरच्या जवळपास रुंदीची, हवी ती अठरा मीटर व त्याहून रुंद रस्त्यांवर. तीही शाळा, महाविद्यालये, बाजार आणि एलएडी चौक, शंकरनगर, सुभाषनगर यांसारखी मेट्रो स्थानके यांना सलग जोडणारी असावी, आणि सिमेंटचा रस्ता व गट्टू यांच्यामधली ती उंच-सखल धार, जिच्यावर सायकलचे चाक घसरते, आधी समतल करून घ्यावी. दुकानदारांची भीती समजण्यासारखी आहे. माल उतरवण्यासाठी सकाळचे ठरावीक तास राखून ठेवले तर तो प्रश्न सुटू शकतो.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३८ मध्ये जी भर घातली, तिच्यामुळे पादचारी आणि सायकलसारख्या बिनमोटारी वाहनांसाठी नियम करण्याचा अधिकार राज्यांना मिळाला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे नियम सहा महिन्यांत करण्याचे निर्देश राज्यांना दिले. महाराष्ट्राच्या नियमांत मार्गिकेवर वाहन उभे करण्याविषयी स्पष्ट तरतूद असावी, यासाठी आपल्या भागातील लोकप्रतिनिधींनी आग्रह धरला पाहिजे. मार्च २०२२ नंतर महापालिकेत दीर्घकाळ प्रशासक असताना नगरसेवकाकडे जाऊन दाद मागण्याची सोय नव्हती आणि त्या काळात असे अनेक प्रश्न साचले, हेही येथे नोंदवले पाहिजे.

शेवटी एक विनंती. यापुढे कोणत्याही रस्त्यावर मार्गिका आखण्यापूर्वी त्या रस्त्यावरच, रविवारी सकाळी, रहिवाशांची बैठक घ्यावी आणि तिचे निमंत्रण त्या वस्तीत कामाला येणाऱ्या महिलांना, चौकीदारांना व शिकवणीच्या मुलांनाही द्यावे. तोपर्यंत रस्त्याची व इमारतींतील पार्किंगची मोजणी पूर्ण करून तिचा तक्ता झोन कार्यालयाच्या फलकावर लावलेला असावा, म्हणजे चर्चा ऐकीव गोष्टींवर होणार नाही. आमच्या वस्तीत ही मोजणी सुरू झाली, तर टेप धरण्यापासून घरोघर जाऊन माहिती गोळा करण्यापर्यंतचे काम करण्यास मी आणि शेजारची काही मंडळी तयार आहोत.

कळावे,
आपला नम्र,
एक ज्येष्ठ रहिवासी,
पश्चिम नागपूर