बाई, ते दोन कागद

आदरणीय अंगणवाडीच्या बाई,

सप्रेम नमस्कार.

यंदा तुम्ही निवृत्त होताय असं तुमच्या मुलानं फोनवर सांगितलं. निरोपाच्या दिवशी न्यू जर्सीहून पोचणं आम्हाला जमणार नाही. म्हणून सहा वर्षं मनात असलेलं हे उघड पत्रातच लिहिते. तुम्ही त्या दुपारी काय केलंत ते तुमच्या गावाबाहेरच्या लोकांनाही कळावं अशी माझी इच्छा आहे.

२०१९चा डिसेंबर होता. आमची लेक चौदा महिन्यांची होती आणि पुण्याच्या न्यायालयाचा दत्तक आदेश नुकताच हातात पडला होता. त्याआधी गृहभेट अहवाल, बाळाचा वैद्यकीय अहवाल, दिल्लीहून ‘कारा’ या केंद्रीय दत्तक संस्थेचं ना-हरकत प्रमाणपत्र असं सगळं पार पडलं होतं. आता तिच्या पासपोर्टची वाट पाहायची होती. मधले दिवस मोकळे होते, म्हणून ठरवलं की मेळघाटात जाऊ आणि जिच्या शिक्षणाचा खर्च आपण तीन वर्षं पाठवतोय त्या मुलीला भेटू. पुण्याहून रेल्वेनं बडनेरा, तिथून गाडीनं परतवाडा, मग घाट आणि सेमाडोहच्या पुढचं सागाचं जंगल. मी साताऱ्याची. महाराष्ट्रातच तर जातोय, मला कशाला दुभाषी हवा, असं वाटलं होतं.

त्या मुलीला मीच आधी पत्र लिहिलं होतं: ‘आम्ही एक बाळ दत्तक घेतोय. तिला घेऊन तुझ्याकडे येऊ.’ कागदाच्या माथ्यावर छापलेलं होतं, ‘दत्तक पालकांचे पत्र’. आपल्याकडे हा शब्द किती सहज वापरतात! सरकारची सावित्रीबाई फुले दत्तक पालक योजनासुद्धा मुलींना शाळेसाठी मदत देण्याचीच. पण गुरुजींनी ते पत्र वाचून दाखवलं तेव्हा तिच्या आईनं एकच शब्द दोनदा ऐकला. एक बाळ दत्तक घेऊन ही माणसं येतायत, आणि माझ्या पोरीचेही हेच दत्तक पालक आहेत. म्हणजे तिलाही घेऊन जाणार.

आम्ही दारात उभे राहिलो. कडेवर बाळ, खांद्याला कागदपत्रांची पिशवी. मी हसून म्हणाले, ‘आम्ही तुमच्या मुलीचे दत्तक पालक.’ त्या माउलीनं मुलीला दंडाला धरून आत ओढलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. ती कोरकू या तिथल्या आदिवासी भाषेत काही बोलत होती. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण तिचा आवाज कापत होता तो कळत होता.

तेवढ्यात तुम्ही आलात. हातातलं रजिस्टर तसंच घेऊन, जवळजवळ धावत. आधी तिच्याशी बोललात, मग माझ्याकडे वळून हळू सांगितलंत, ‘तिले वाटलं तुम्ही पोरीले न्याले आल्या.’ रागावला नाहीत. फक्त म्हणालात, ‘लेकरू इकडे द्या, वजन करू.’

सगळा घोळका तुमच्यामागून अंगणवाडीत आला. तुम्ही बाळाला झोळीत घालून काट्याला अडकवलंत, दंडाला घेर मोजायची रंगीत पट्टी लावलीत. माप हिरव्यात, म्हणजे ठीक, पण काठावर. बायका वाकून बघत होत्या. कोणाचंही लेकरू तुम्ही असंच मोजता, हे त्यांना माहीत होतं. ताण तिथेच सैल झाला. मग तुम्ही माझ्याकडून दोन कागद मागून घेतलेत, न्यायालयाचा आदेश आणि मदतीची पावती. एक या हातात, एक त्या हातात धरून कोरकूत बराच वेळ बोललात. मला नंतर मराठीत सांगितलंत: या कागदानं लेकरू कायमचं यांचं झालं, या दुसऱ्या कागदानं नुसती वह्या-पुस्तकं येतात, पोर तुझीच आहे.

आई पुढे आली. पावती उलटसुलट करून तिनं पाहिली. मग घरातून कुटकी या भरडधान्याचा मऊ भात आणला आणि आमच्या लेकीला मांडीवर घेऊन बोटानं भरवला. तोवर अनोळखी माणसाकडे न जाणारी आमची पोर मुकाट्यानं जेवली. त्या आईची चौथीतली मुलगी शेजारी बसून बाळाच्या पायातल्या मोज्यांशी खेळत होती.

बाई, त्या आईची मुलीच्या दंडावरची पकड मी विसरलेले नाही. मूल सोपवणाऱ्या आईला कायदा फेरविचारासाठी ६० दिवस देतो, हे मला कागदावरून ठाऊक होतं. माझ्या लेकीला जन्म देणारीचे ते दिवस कसे गेले असतील, हा विचार मात्र तुमच्या अंगणवाडीत बसून पहिल्यांदा आला. आम्हाला इतका आनंद झाला होता की तिच्यासाठी मनात जागाच ठेवली नव्हती. निघताना तुम्ही गाडीच्या खिडकीशी येऊन म्हणालात, ‘कागद जपून ठेवजा. एक दिवस हे विचारील.’

तिनं गेल्या वर्षी विचारलं. मी फाइल काढली. आदेशाच्या पाठीमागे तुमची ती दंड मोजायची पट्टी होती, तुम्ही पिशवीत टाकून दिलेली. मी तिला आधी पट्टीची गोष्ट सांगितली, मग आदेशाची, आणि जिच्याबद्दल आम्हाला फारसं काही माहीत नाही त्या आईचीही.

पावतीवरचा शब्द आम्ही बदलून घेतला. आता तिथे ‘शिक्षण साहाय्य’ असं येतं. तुमच्या गावची ती पोर यंदा दहावीला बसते आहे, पत्रं स्वतः लिहिते, आणि तिच्या आईचा निरोप शेवटच्या ओळीत असतोच: बाळ जेवतं का?

जेवतं, असं त्यांना कोरकूत सांगा. दिवाळीत आम्ही तिघंही येतोय. तेव्हा तुम्ही घरीच असाल, रजिस्टर हातात नसेल, म्हणून आधीच सांगून ठेवते: पट्टी मी सोबत आणते आहे. ती आता हिच्या वयासाठी नाही, पण तुमच्या हातानं लावून घ्यायचा हट्ट तिनं आत्तापासूनच धरलाय.

तुमची ऋणी,
बाळाची आई