तांबड्या पडला

कोल्हापूर, रविवार

दिन्या,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. म्हणजे माणसं. माझी साखर आहे तिथंच, हिचे गुडघे आहेत तसेच. फोनच केला असता, पण तू फोनवर निम्मं ऐकतोस आणि उरलेल्या निम्म्यावर "बघतो, बघतो" म्हणतोस.

आधी एक कबूल करतो. तुझ्या पोराच्या लग्नाला पाठ धरली म्हणून आलो नाही, ते खोटं होतं. पाठ ठणठणीत होती. त्याच दोन दिवसांत तू दिलेल्या जोंधळी कबुतरीच्या नातीची अंडी फुटायची होती. अठरावा दिवस आणि तुझा मुहूर्त एकच निघाला, त्याला मी काय करू? आता शिव्या घाल, पण पुढचं वाच, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. हिला सांगितलं तर म्हणाली, "एक कमी झालं, तेवढीच ज्वारी वाचली."

तांबड्या पडला, माझं पलट्या मारणारं कबूतर. मंगळवारी सकाळी सातच्या सुमारास. शिक्र्यानं नेला असता तर एवढं वाटलं नसतं रे. आभाळ स्वच्छ, अकरा जणांचा थवा तालमीच्या वर गोल फिरत होता. तांबड्यानं शेपूट पसरलं, पंख वर घेतले आणि सुरू झाला. मी सवयीनं मोजायला लागलो. सहा, सात, आठ… बारापर्यंत मी चक्क हसत होतो. पंधराला हातातली फडक्याची काठी खाली गेली. पुढं मोजणं जमलं नाही, नुसती तांबडी गिरकी खाली येताना दिसत होती. भिजलेलं फडकं दगडावर आपटावं तसा आवाज शेजारच्या पत्र्यावर झाला. शिडी लावून वर गेलो तर डोळा उघडा, चोचीला रक्ताचा एक थेंब. अंगावर एक पीस इकडचं तिकडं नाही. अंग गरम होतं, आणि पोट रिकामं. उडवायच्या आधी आपण दाणा देत नाही ना. उपाशी गेला.

आता तू विचारणार, नर कुठला लावलास. तेच सांगायला इतका वेळ घेतोय.

मुल्लाचाचांच्या घरचा काळा लावला. हो, तोच, खोल पलटीचा, एकामागून एक पलट्या घेत पार खाली येणारा.

2011 साली जोंधळी माझ्या हातात देताना तू छत्रीखाली उभा राहून काय बोललास ते मला शब्दान् शब्द पाठ आहे. नर खोल फिरणारा असेल तर मादी साधी उडणारी घ्यायची, दोन्हीकडून पलटी आणलीस तर पिल्लाला थांबता येणार नाही. त्यावर मी तुला भित्रा म्हटलं होतं. तूच वाचून दाखवलेलं आईन-ए-अकबरीतलं तुझ्यावरच फेकलं होतं, की बादशहाची खाशी कबुतरं पंधरा चरख म्हणजे गिरक्या आणि सत्तर बाज्या म्हणजे पलट्या करायची, मग माझ्यानं वीस का करू नयेत? आठ महिने बोललो नव्हतो आपण. हरलो मी, घे.

खरं तर पुतण्यानं घात केला. मोबाईलवर त्या बर्मिंगहॅम रोलरचे व्हिडिओ दाखवत बसला. त्यांच्या स्पर्धेत वीस कबुतरं, वीस मिनिटं, आणि निदान पाच एकदम फिरली तरच गुण. आपल्यासारखं पहाटे सोडून दिवसभर मान वर करून बसायचं नाही. एकेक कबूतर दोरा सुटलेल्या रिळासारखं खाली येतं आणि झटक्यात थांबून थव्यात परत. मला ते फिरणंच दिसलं, थांबणं दिसलं नाही. आणि तेही लोक असली बेभान फिरणारी पिल्लं बाजूला काढतात, हे पुतण्यानं मला तांबड्या गेल्यावर सांगितलं.

पण तांबड्या गेला तो गेला. खरी काळजी भुऱ्याची आहे.

सख्खा भाऊ, एकाच खणातला. गणपती झाल्यावर दोघांनीही पलट्या धरल्या. आधी एक, मग दोन, आणि तेव्हा पुतण्याला मी पेढे दिले होते, म्हणजे बघ. भुऱ्या मंगळवारपासून कोंडलाय. ढाबळ तू बघितलीस त्यापेक्षा बरी आहे आता. तोंड पूर्वेला घेतलंय, खालचे दोन खण मांजरामुळं रिकामे ठेवलेत, आणि तू ओरडायचास म्हणून एकेका जोडीला दोन-दोन खण केलेत. पण कितीही ऐसपैस केली तरी ती ढाबळच. सकाळी बाकीचे सुटले की हा जाळीला छाती लावून उभा राहतो. पंखांच्या आवाजानं सगळा शहारतो. परवा खणातल्या खणात उडी मारून उलटा झाला. एवढ्याशा जागेत! फळीवर आपटला, उठला, अंग झाडलं, परत जाळीशी.

मी त्याला हातात घेऊन तोंडावर फुंकर मारली. हसू नकोस. चाचांच्या लोटन कबुतराची आठवण झाली. हलवून जमिनीवर ठेवला की फुंकर मारेपर्यंत लोळतच राहायचा. तू तेव्हा बी.एस्सी.च्या तोऱ्यात सांगितलंस, की डार्विननं 1868 सालच्या पुस्तकात हे अस्संच लिहिलंय. त्यावर चाचा काय म्हणाले? "त्यो कुठल्या पेठेचा?"

भुऱ्या फुंकरीनं डोळे मिटून गप्प बसला. पण आभाळात कोण मारणार फुंकर?

सोडला तर पडणार. आज नाही तर महिन्यानं. कोंडून ठेवला तर दहा-बारा वर्षं सहज जगेल, जाळीला छाती लावून. पीस बांधून नुसता गच्चीवर फिरवावा म्हटलं, तर मांजर. बंडूनाना म्हणाले, विकून टाक, असला फिरणारा नर म्हटल्यावर पैसे बरे येतील. म्हणजे माझं पाप दुसऱ्याच्या पत्र्यावर. तू असतास तर काय केलं असतंस, ते नेमकं सांग. "बघतो" चालणार नाही.

तुझं कसं चाललंय? नवीन सून रुळली का? डोंबिवलीच्या फ्लॅटला कबुतरं येऊ नयेत म्हणून तू जाळी बसवलीस, हे वैनींनी हिला सांगितलं. दोन दिवस मी जेवताना हसत होतो. चाचा वर बसून काय म्हणत असतील! निवृत्तीचे पैसे आले का ते कळव. वैनींना नमस्कार, पोराला आशीर्वाद, आहेर दिवाळीत आणतो, खरंच.

आणि घाई का, ते राहिलंच. जोडी मी फोडायला हवी होती, फोडली नाही. जोंधळीच्या नातीनं काल संध्याकाळी परत अंडं घातलंय, दुसरं उद्या दुपारपर्यंत येईल. खऱ्यांच्या जागी ठेवायला लाकडाची दोन अंडी सुताराकडून करून आणलीत, खिशात घेऊनच फिरतोय. खणापाशी जातो, ती चोचीनं हातावर मारते, आणि मी तसाच परत येतो. दोन-चार दिवसांत बदलली तर बदलली, त्यानंतर आत जीव धरेल आणि माझ्यानं होणार नाही. पत्र मिळालं की त्याच दिवशी फोन कर. रात्री कितीही वाजू देत.

तुझा,
अशोक