सातनंतर पेटणारा गाडा : कामगार मंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगार मंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळूर

साहेब, सादर नमस्कार.

मी बेळगावात टिळकवाडीच्या बाजूला चायनीजचा गाडा लावतो. गोबी मंच्युरियन, नूडल्स, फ्राइड राइस. 2024 च्या मार्चमध्ये तुमच्या सरकारने मंच्युरियनच्या कृत्रिम रंगावर बंदी आणली. तेव्हापासून गिऱ्हाईक विचारतं, ‘रंग नाही ना घातला?’ तळणाऱ्या पोराचं वय मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही. म्हणून मीच सांगतो. गेल्या वर्षी माझ्याकडे होता तो सोळा वर्षांचा होता.

खानापूर तालुक्यातलं पोरगं. दहावी मराठी माध्यमातून, मग पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, कॉमर्स घेऊन इकडे आलेलं. वडगावात मामाकडे राहायचं. मोठ्या कंपन्यांच्या पिझ्झा-बर्गरच्या दुकानांत बहुतेक ठिकाणी अठरा पूर्ण लागतात, म्हणून अशी पोरं आमच्याकडे वळतात. शाळेत कन्नडला मार्क बरे होते, पण कुणी ‘एष्टायितु?’ (किती झाले?) म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघायचं. दोन महिन्यांत कन्नडमधून चेष्टामस्करी करू लागलं. चार फुल, दोन हाफ, एक पार्सल, हिशेब सगळा तोंडी. तिरसट गिऱ्हाइकाला न चिडता वाटेला लावायला मला पाच वर्षं लागली, त्याला एक दिवाळी. पहिल्या पैशांतून त्याने आजीला चष्मा करून दिला. हे पाहिल्यावर शिकत्या पोरांना काम नकोच, असं मला म्हणवत नाही.

पण गाडा पेटतो सातला आणि झाकतो साडेदहाला. कढई-बर्नर घासून, जागा धुऊन घरी जाईतो साडेअकरा. सकाळी परत कॉलेज. एका शनिवारी ऐन गर्दीत ओला फ्लॉवर कढईत पडला, तेल उडालं आणि त्याच्या मनगटावर बोटभर फोड उठला. मी बर्फ शोधत होतो. समोरचा मेडिकलवाला ओरडला, ‘बर्फ नको, पाण्याखाली धर!’ पाच मिनिटं पाण्याखाली धरून पोरगं परत आलं आणि ‘काही नाही काका’ म्हणत डाव्या हाताने झारा हलवू लागलं. तेव्हाच त्याला घरी पाठवायला हवं होतं. नाही पाठवलं. आठ पार्सलं खोळंबली होती. पुढे मामा गाड्यावर आला तो हजेरीचं सांगायला : पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली होती.

मग मी कायदा वाचला. उशिराच वाचला, हे कबूल. 1986 चा बालकामगार कायदा, 2016 मध्ये दुरुस्त झालेला. चौदा ते अठरा वयाच्या मुलाला धोक्याचं नसलेलं काम देता येतं. सलग तीन तास, मग तासभर विश्रांती, सगळं मिळून सहा तासांच्या आत. ओव्हरटाइम नाही, आठवड्याला एक सुटी, रजिस्टरात नाव-जन्मतारीख. आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम बंद.

साहेब, सातलाच तर आमचा धंदा सुरू होतो! दिवसा पोरं कॉलेजात, म्हणजे कायद्यातली मोकळी वेळ त्यांच्या उपयोगाची नाही आणि उपयोगाची वेळ कायद्यात नाही. मग मालक काय करतो? पोराचं नावच कुठे लिहीत नाही. फोड आला तर तो कुणाच्याच गाड्यावर आलेला नसतो.

भाचा अमेरिकेत असतो. त्याच्याकडून कळलं म्हणून पाहिलं, तर तिथेही चौदा-पंधराच्या मुलांना संध्याकाळी सातचीच हद्द आहे, फक्त उन्हाळ्यात ती नऊपर्यंत वाढते. आपल्याकडे सोळा पूर्ण झालेल्यांना एप्रिल-मेच्या सुटीत नऊपर्यंत मुभा द्यायला काय हरकत आहे? कायदा केंद्राचा आहे, तेव्हा तुम्ही दिल्लीला लिहा. कॉलेजच्या दिवसांत मात्र सातची हद्द हलवू नका. आम्ही गाडेवाले कितीही रडलो तरी.

चार ते सात हे तीन तास आमच्याकडेही रिकामे नसतात. फ्लॉवर चिरायचा, नूडल्स उकडायच्या, चटणी वाटायची. पैसे कमी मिळतील, पण पोरगं साडेसातला घरी असेल. कढईपाशी अठराच्या आतलं कुणी नको, एवढं स्पष्ट लिहून काढा. आणि तपासणी रात्री आठला करा. सकाळी अकराला आमच्या जागी नुसती ताडपत्री असते.

तो आता फक्त रविवारी येतो, चार ते सात. त्याचं नाव मी वहीत लिहून ठेवलंय, साध्या शाळेच्या वहीत. रजिस्टरचा नमुना कन्नडबरोबर मराठीतही मिळाला तर बरं होईल. जन्मतारखेच्या रकान्यात काय लिहायचं ते मला माहीत आहे, बाकीचे रकाने नीट वाचता यायला हवेत.

आपला,
बेळगावातला एक गाडेवाला