चिन्मयला दगड फोडू देऊ नकोस

एडिसन, न्यू जर्सी
९ नोव्हेंबर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

परवा रात्री तुझा मेसेज वाचला आणि तेव्हापासून तोच डोक्यात घोळतोय. चिन्मयने माझ्या समुद्री माशांच्या आणि पोवळ्यांच्या टाकीचे व्हिडिओ पाहिले आणि आता मालवणच्या किनाऱ्यावरच्या रॉक गार्डनच्या खडकांवरचं पोवळं छिन्नीने काढून घरच्या टाकीत लावायचं म्हणतोय. 'माझं ऐकत नाही, तूच सांग' असं तू लिहिलंस. हे फोनवर नीट सांगता येणार नाही, म्हणून पत्र लिहायला बसलो. त्यालाही वाचायला दे.

आधी टाकीचं सांगतो, कारण व्हिडिओत फक्त रंग दिसतात. टाकी सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. पाणी भरतं ६८० लिटर. काच, दगड, वाळू धरून वजन एक टनाच्या घरात जातं. इथली घरं लाकडी तुळयांवर उभी असतात, त्यामुळे दिवाणखान्यात मांडायचा विचार सोडला आणि तळघरात सिमेंटच्या जमिनीवर ठेवली. समुद्र गाडीने तासाभरावर आहे, पण ते पाणी मी आणत नाही. इथे समुद्र घरीच कालवावा लागतो.

नळाचं पाणी चालत नाही. त्यात क्लोरीन असतं, कधी पाइपमधलं तांबं असतं, शेवाळाला खाद्य होईल असं फॉस्फेटही असतं. म्हणून आरओ आणि त्यापुढे आणखी एक गाळणी लावून अगदी निखळ पाणी काढायचं. माझं यंत्र दिवसाला २८० लिटर देतं, म्हणजे टाकी भरायलाच तीन दिवस गेले. त्यात पंचवीस किलोंच्या आसपास मीठ. हे स्वयंपाकातलं मीठ नव्हे. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि समुद्रात असतं ते बाकीचं सगळं मोजून घातलेलं असतं. एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार, आणि ते प्रमाण सांभाळायचं.

शिरोड्याच्या मिठागरात आपण पाहिलं होतं ना, पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं? टाकीतही तेच होतं. रोज पाच-सहा लिटर पाणी हवेत जातं आणि उरलेलं पाणी खारट होत जातं. म्हणून वरून भर घालायची ती गोड्या पाण्याची. चिन्मयला हे आधी विचार. दहातली नऊ मुलं सांगतील, खारं पाणी घालायचं.

मग पाच आठवडे टाकीत एकही मासा नव्हता. नुसते दगड, वाळू आणि फिरतं पाणी. रोज रात्री मी नळीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकून रंग बघायचो. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो आणि तो त्यांनाच मारतो. दगडांच्या छिद्रांत आधी एका जातीचे जिवाणू वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात. ते पण विषच. मग दुसऱ्या जातीचे येतात आणि त्याचं नायट्रेट करतात, जे बरंचसं चालून जातं. ही दुसरी फळी सावकाश येते, तिला घाई चालत नाही. 'रिकाम्या पाण्यापुढे काय बसतोस?' असं हिने विचारलं, तेव्हा तुझे बाबा आठवले. होडीवरून उडी मारायला निघालो की म्हणायचे, 'पयला पाणी बघ, मगे उतर.' ते पाच आठवडे मी पाणीच बघत होतो.

मासे मोजकेच आहेत. क्लाउनफिशची जोडी हॅचरीत, म्हणजे माशांच्या पैदास केंद्रात जन्मलेली. हे मासे जन्मतः सगळे नर असतात, त्यांतला जो वरचढ होतो तो मादी होतो. पिवळा टँगही समुद्रातून पकडलेला नाही. हवाईतल्या संशोधकांना २०१५ मध्ये पहिल्यांदा त्याची पिल्लं टाकीत वाढवता आली, त्याआधी प्रत्येक पिवळा टँग समुद्रातूनच यायचा. प्रत्येक मासा आधी महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवला. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा मोठ्या टाकीत शिरला की त्यावरचं तांब्याचं औषध तिथे घालता येत नाही, कारण त्याने पोवळी आणि गोगलगायी मरतात.

आता पोवळ्याबद्दल, ज्यासाठी हे सगळं लिहितोय.

माझ्या टाकीतलं एकही पोवळं मी समुद्रातून काढलेलं नाही. इथले टाकीवाले आपल्या जुन्या पोवळ्याची फांदी हाडं कापायच्या कात्रीने तोडतात, सुपरग्लूने छोट्या चकतीवर चिकटवतात आणि एकमेकांना देतात. एका निवृत्त शिक्षकांनी मला असा करंगळीच्या पेराएवढा तुकडा दिला. त्यांची मूळ वसाहत, म्हणजे एकमेकांना चिकटून वाढलेल्या पोवळ्याच्या जिवांचा गठ्ठा, वीस वर्षांची आहे. महिनाभर तो तुकडा तसाच होता. मग बुडाशी एक फिकट कड दिसली, कागदावर पाण्याचा डाग पसरतो तशी. ती ग्लूवर चढली, चकतीच्या काठावरून खाली उतरली. आठ महिन्यांनी चकती दिसेनाशी झाली आणि वर तीन नवी टोकं फुटली, प्रत्येक तांदळाच्या दाण्याएवढं. रात्री दिवे विझल्यावर लाल बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर त्याच्या अंगभर बारीक हात बाहेर आलेले, पाण्यातलं काहीतरी वेचत असलेले. सुहास, आठ महिन्यांत जेमतेम दीड इंच. तुमच्याकडे खडकावर ताटाएवढी वसाहत दिसते, तिला किती वर्षं लागली असतील ते चिन्मयला मनाशी मोजू दे.

आणि ते जातं किती पटकन, तेही ऐक. गेल्या जानेवारीत हीटरचा थर्मोस्टॅट आतल्या आत चिकटला. सकाळी सहाला खाली गेलो तर पाणी ३१ अंशांच्या वर. इथे २६ ठेवतो. झाकण काढलं, पंखे लावले, थंड पाण्याच्या बाटल्या सोडल्या, दुपारपर्यंत पाणी खाली आणलं. मासे वाचले. पण फांद्यांची दोन पोवळी तिसऱ्या दिवशी फिकी झाली आणि आठवड्यात पांढरीफटक पडली. पोवळ्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, तेच त्याला रंग आणि बरंचसं अन्न देतं. पाणी तापलं की पोवळं त्या शैवालाला बाहेर टाकतं आणि मागे पांढरा सांगाडा दिसू लागतो. मी खाली उकिडवा बसून रडलो. १९९८ मध्ये लक्षद्वीपला आणि मन्नारच्या आखातात पोवळी अशीच पांढरी पडली होती, तेव्हा मैलोन्‌मैल काय दिसलं असेल ते मला त्या दिवशी कळलं. आता मी निम्म्या ताकदीचे दोन हीटर लावलेत आणि त्यांच्यावर वेगळा नियंत्रक ठेवलाय.

तेव्हा चिन्मयला स्पष्ट सांग. छिन्नीने काढलेलं पोवळं त्याच्या टाकीत पंधरा दिवससुद्धा जगणार नाही. शिवाय तो गुन्हा आहे. दगडी सांगाड्याची सगळी पोवळी २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मालवणचं सागरी अभयारण्य तर १९८७ पासूनचं.

पण त्याची हौस मारू नकोस, ती मला फार मोलाची वाटते. टाकी करायचीच तर क्लाउनफिशची करू दे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास करण्याचं तंत्र केव्हाच बसवलंय, तेव्हा हॅचरीतले मासे कुठे मिळतात ते आधी शोधू दे. पोवळं नको, समुद्रफूल (सी ॲनिमोन) नको. टाकी निदान शंभर लिटरची हवी, आणि पाच आठवडे रिकामी. क्षार मोजायचं यंत्र आणि तपासणीच्या नळ्या मी डिसेंबरात येताना आणतो.

आणि तोवर एक काम दोघांनी करा. पुढच्या अमावास्येच्या ओहोटीला, पाणी पार मागे गेलं की रॉक गार्डनला जा. पश्चिमेच्या टोकाला, आपण खेकडे बघायला वाकायचो त्या डबक्यात, काठाच्या आतल्या अंगाला एक हिरवट वसाहत होती, वाटीएवढी, अंगावर फुलाफुलांची नक्षी असलेली. ती अजून आहे का, केवढी झाली, ते हात न लावता बघा आणि शेजारी पट्टी धरून फोटो पाठवा.

काकींना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, चिन्मयला आशीर्वाद.

तुझाच,
अविनाश